अहिराणीला बिघडलेली मराठी म्हणणाऱ्यांसाठी

माझी माय सटाण्याची. आता नाशिकला आमच्याकडे असते, पण नातवाशी अहिराणीतच बोलते. तो शाळेतून आला की दारातच विचारते, "भूक लागनी का रे?" परवा मात्र अडखळत म्हणाली, "भूक लागली का बाळा?" कारण विचारलं तर तिने मोबाइल पुढे केला. मामांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज होता: संस्कृत ही जगातल्या सगळ्या भाषांची जननी, इंग्रजी आणि तमिळ तिच्याच मुली, आणि अहिराणी म्हणजे अशुद्ध मराठी, ती मुलांच्या कानावर पडू देऊ नका.

आधी इंग्रजी. मातृ-मदर, पितृ-फादर, पाद-फूट ही साम्यं खरी आहेत, तेवढं मान्य करतो. पण साम्यावरून नातं कळलं तरी आई कोण ते कळत नाही. दोन चुलत भावांचं नाक सारखं असतं, म्हणून एक दुसऱ्याचा बाप होत नाही. संस्कृतचा अभ्यासक असलेला इंग्रज न्यायाधीश विल्यम जोन्स याने १७८६ साली कलकत्त्यात हेच सांगितलं: संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात आणि ते मूळ कदाचित आता उरलेलं नाही. लोक संस्कृतच्या कौतुकापुरता जोन्स वापरतात आणि हे वाक्य गाळतात.

तमिळचा मुद्दा एका दमात निकालात निघतो. उसने शब्द बाजूला ठेवा आणि आकडे मोजा. आपलं एक, दोन, तीन. कन्नडमध्ये ओंदु, एरडु, मूरु. तमिळमध्ये ओन्रु, इरंडु, मून्रु. कोण कोणाच्या घरचं ते ऐकूनच कळतं. तमिळमध्ये संस्कृत शब्द आहेत, तसे मराठीत टेबल आणि स्टेशन आहेत. देवमाशाचं अंग माशासारखं असलं तरी तो फुप्फुसाने श्वास घेतो आणि पिलाला दूध पाजतो, म्हणून प्राण्यांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियसने १७५८ साली त्याला सस्तन प्राण्यांत बसवलं. भाषेचंही वरचं रूप सोडून आतली रचना बघावी लागते.

आता अहिराणी. मला खरा राग याचाच आला आहे. 'रामाचा' हे मराठी, 'रामना' हे अहिराणी, आणि गुजरातीत 'रामनो'. आपण 'आहे' म्हणतो, माय 'शे' म्हणते, गुजराती माणूस 'छे' म्हणतो. मराठी बोलताना जीभ घसरून असं होत नाही. 'माझा'चं 'मना' आणि 'तुझा'चं 'तुना' सटाण्यापासून धुळ्यापर्यंत सगळे एकाच नियमाने करतात. जिथे नियम आहे तिथे अशुद्ध कशाला म्हणायचं? इंग्रज काळात भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात मराठीचा खंड सातवा. खान्देशी म्हणजे अहिराणी त्यात नाहीच. ती नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, १९०७ साली, भिल्ली भाषांसोबत छापली आहे. अहिराणीवर मराठीचा दाट थर आहे हे कबूल, आणि तिला कुठे बसवायचं यावर अभ्यासकांत मतभेदही आहेत. पण त्यांचा वाद नात्याचा आहे, शुद्धीचा नाही.

शुद्धच हवं असेल तर नाशिकची पांडवलेणी चढून या. तिथल्या ३ क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीने मुलाचं, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं, कर्तृत्व कोरून घेतलं आहे. तेव्हा गादीवर तिचा नातू पुळुमावी होता, त्याच्या कारकिर्दीचं १९वं वर्ष. त्या आजीचा लेख संस्कृतात नाही, लोकांच्या बोलीत, प्राकृतात आहे.

मामा, तुम्ही स्वतः मायशी आजवर अहिराणीतच बोलत आलात. हे वाचून झालं की तिला फोन करा, अहिराणीतच.