एक वाजताची जर्मनी

अमेरिकेचं काम करणाऱ्यांची मला पूर्वी कणव यायची. रात्री दहा वाजता ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं म्हणजे शिक्षाच. आता हेवा वाटतो. त्यांची दुपार तरी त्यांची असते. तेव्हा न्यूयॉर्क घोरत पडलेलं असतं. माझ्या नशिबी आले जर्मन. उन्हाळ्यात त्यांच्या-आपल्या वेळेत साडेतीन तासांचं अंतर. तिकडे साडेनऊला मंडळी कॉफी घेऊन ताजीतवानी बसली, की इकडे सदाशिव पेठेत बरोब्बर एक वाजतो. पुण्यात एक ते चार काय चालतं, हे अख्खा महाराष्ट्र जाणतो. स्टुटगार्टला कोण सांगणार?

पुढ्यात वरण-भात, कानावर हेडफोन. हा हेडफोन म्हणे आजूबाजूचा गोंगाट गाळतो. गाळतोही. पंखा, कुकरची शिट्टी, खालच्या रिक्षा, सगळं गायब. आबांचा आवाज मात्र माणसाचा, म्हणून तो त्याला कामाचा वाटतो. परवा गिअरबॉक्सच्या ड्रॉइंगवर चर्चा रंगली असताना ‘‘ताक घेतोस का रे?’’ थेट स्टुटगार्टला पोचलं. तिकडच्या साहेबांनी गंभीरपणे विचारलं, हा बदल ड्रॉइंगमध्ये घ्यायचाय का?

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जर्मनीतली घड्याळं तासभर मागे गेली आणि मीटिंग दोनवर आली. जेवण निवांत, पण डोळा लागायची वेळ गेली. आबांना कारण सांगितलं.

‘‘सरकारने सांगितलं म्हणून घड्याळ मागे?’’

‘‘हो.’’

‘‘आणि लोक ऐकतात?’’

1916 साली, पहिल्या महायुद्धात, हा उद्योग देशभर सुरू करणाऱ्यांत जर्मनी पहिली होती, हे सांगून काही उपयोग झाला नाही. ‘‘मुंबईकडे बघ,’’ आबा म्हणाले, ‘‘1906 साली भारतीय प्रमाणवेळ आली. पण पठ्ठ्यांनी आपली 39 मिनिटं मागची वेळ 1955 पर्यंत सोडली नाही!’’ मुंबईबद्दल आबांच्या तोंडून चांगला शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

तशात गुरुवार. गुरुवारी वीज जाते, कधीकधी पाणीही. वीज गेली की राउटर गेला. मग मोबाइलचं नेटवर्क शोधत गॅलरीच्या कोपऱ्यात, वाळत घातलेल्या धोतराशेजारी उभं राहून जागतिक अर्थव्यवस्थेत भाग घ्यायचा. साहेबांना हे ठरावीक वाराचं प्रकरण कळेना. ‘‘धार्मिक कारण आहे का?’’ त्यांनी अदबीने विचारलं. आता गुरुवारी दत्ताचा उपास करणाऱ्या घरात राहून साफ ‘नाही’ कसं म्हणायचं? मी सांगितलं, इथल्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, म्हणून दुरुस्तीची कामं त्याच दिवशी काढतात. हे मात्र त्यांना फारच आवडलं. देखभालीचं इतकं नियोजन! लगेच सगळ्यांच्या कॅलेंडरवर कायमची नोंद पडली: ‘गुरुवार, पुणे बंद’. आता त्या दिवशी कोणी फोनसुद्धा करत नाही.

गेल्या गुरुवारी वीज गेलीच नाही. पंखा पाचवर ठेवून आम्ही दोघे चारपर्यंत झोपलो.