रिकाम्या जागेसाठी इच्छुकांनी घ्यावयाची काळजी

सार्वत्रिक निवडणुकीत तुमच्यासारख्या होतकरू माणसाचा निभाव लागत नाही. २८८ जागांचे गणित, मित्रपक्षांची ओढाताण, आणि पुण्याला काय द्यायचे हे मुंबईत ठरणार. पोटनिवडणुकीत मात्र जागा एकच असते आणि सगळा महाराष्ट्र तीन आठवडे तुमच्या गल्लीत चहा पितो. तेव्हा मतदारसंघात जागा रिकामी झाल्याची बातमी आली की गडबडून जाऊ नये. आनंद तर मुळीच दाखवू नये.

पहिले काम श्रद्धांजलीच्या फ्लेक्सचे. दिवंगत नेत्याचा फोटो वरच्या कोपऱ्यात, बेताचा. तुमचा मात्र उभा, पूर्ण उंचीचा, हात जोडलेला. गंभीर चेहऱ्याचा फोटो संग्रही नसेल तर वाढदिवसाचाच घ्यावा आणि रंग काढून कृष्णधवल करावा, भागते. खाली ‘शोकाकुल’ म्हणून वीस-पंचवीस कार्यकर्त्यांचे गोल फोटो लावावेत. इथे कंजुषी नको. हीच मंडळी उद्या बूथवर बसायची आहेत, आणि ज्याचा फोटो राहून गेला तो मतदानाच्या दिवशी समोरच्या टेबलावर बसलेला दिसतो. महापालिकेच्या आकाशचिन्ह विभागाकडे परवानगी मागण्याच्या भानगडीत पडू नये, श्रद्धांजलीचा फ्लेक्स उतरवायला कोणी धजत नाही. फक्त ‘भावी आमदार’ हे शब्द तेराव्यापर्यंत टाळावेत. चौदाव्या दिवशी हरकत नाही.

आता कॅलेंडर काढा. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधले कलम १५१-अ सांगते की जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी. अपवाद दोनच. उरलेली मुदत वर्षापेक्षा कमी असेल तर नको, आणि एवढ्या अवधीत निवडणूक घेणे अवघड आहे असे निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केले तर नको. कलम वाचायला एक मिनिट लागते, त्याचा अंदाज यायला मात्र पुण्यातच राहावे लागते.

कसब्याच्या आमदार मुक्ता टिळक यांचे निधन २२ डिसेंबर २०२२ रोजी झाले, चिंचवडचे लक्ष्मण जगताप यांचे ३ जानेवारी २०२३ रोजी. दोन्ही जागांचा कार्यक्रम १८ जानेवारीला जाहीर झाला. चिंचवडकरांना पंधरा दिवसांहून जास्त थांबावे लागले नाही. मग २९ मार्चला पुण्याचे खासदार गिरीश बापट गेले. लोकसभेची मुदत १६ जून २०२४ पर्यंत, म्हणजे सव्वा वर्षाला थोडेच कमी. कायद्याच्या हिशेबात बसणारी जागा. ती भरली नाही. यंत्रणा २०२४ च्या तयारीत गुंतली आहे आणि निवडून येणाऱ्याला फार थोडा काळ मिळेल, असे आयोगाने सांगितले. तिकडे जालंधरची लोकसभेची पोटनिवडणूक मे २०२३ मध्ये व्यवस्थित पार पडली, पण जालंधरची हवा वेगळी. एका पुणेकर मतदाराने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली, न्यायालयाने डिसेंबरमध्ये निवडणूक ताबडतोब घ्या असे सांगितले आणि जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. महापालिकेत मार्च २०२२ पासूनच प्रशासक होते. म्हणजे पुणेकरांना त्या काळात नगरसेवकही नव्हता आणि खासदारही नव्हता. पाणी गुरुवारी बंद असायचे, ते तेव्हाही बंदच राहिले.

आयोग नेहमीच निवडणूक टाळतो असे मात्र समजू नका. अकोला पश्चिमची जागा नोव्हेंबर २०२३ मध्ये रिकामी झाली. तिथे आयोगाने एप्रिल २०२४ मध्ये मतदान लावले, विजयी उमेदवाराला वर्षाहून कमी काळ मिळणार असूनही. ते उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रद्द केले. एका जागेवर आयोग नको म्हणतो आणि न्यायालय घ्या म्हणते, दुसरीवर आयोग घेतो म्हणतो आणि न्यायालय नको म्हणते. तेव्हा मंडपवाल्याला लगेच आगाऊ रक्कम देऊ नका. तोंडी सांगून ठेवा.

यानंतर तत्त्वाचा प्रश्न येतो. दिवंगत लोकप्रतिनिधीच्या घरातील व्यक्ती उभी राहिली तर निवडणूक बिनविरोध करावी, ही महाराष्ट्राची उज्ज्वल परंपरा आहे. ती नेमकी कुठे पाळली जाते याची यादी मात्र मिळत नाही. अंधेरी पूर्वला २०२२ मध्ये भाजपने उमेदवार मागे घेतला. त्याआधी पंढरपूर, देगलूर आणि कोल्हापूर उत्तर या तिन्ही ठिकाणी दिवंगत आमदारांच्या घरातलेच उमेदवार असताना भाजपने लढत दिली होती. पंढरपूर तर जिंकलेही. कसब्यात उलट झाले. टिळकांच्या घरात भाजपने उमेदवारी दिली नाही, आणि बिनविरोधचे आवाहन मात्र झाले. यावरून धडा घ्यायचा तो असा: दोन पत्रके आधीच छापून ठेवावीत. एकात ‘महाराष्ट्राची सुसंस्कृत राजकीय परंपरा’, दुसऱ्यात ‘लोकशाहीत मतदारांना पर्याय मिळालाच पाहिजे’. जागा कोणाची होती ते पाहून योग्य ते बाहेर काढावे. सही दोन्हींवर तुमचीच.

तिकीट मिळाले असे धरून कागदांकडे वळू. इथे विनोद चालत नाही, कारण निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला विनोद कळत असला तरी दुपारी तीन वाजता त्याला तो दाखवता येत नाही. अर्ज सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळेतच घेतात. दालनात तुम्ही धरून पाच माणसे, बाकीची मिरवणूक बाहेर. शंभर मीटरच्या आत तीनच गाड्या. मान्यताप्राप्त पक्षाला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात, आणि सूचक त्याच मतदारसंघाचा मतदार असावा लागतो. तुम्ही स्वतः राज्यात कुठेही मतदार असलात तरी चालते, सूचकाचे तसे नाही. पेठेत दुकान आणि घर कोथरूडला, असा सूचक आणलात तर छाननीच्या दिवशी तो मोजला जात नाही. दहाचे नऊ झाले की अर्ज बाद. म्हणून चौदा-पंधरा आणा, आणि प्रत्येकाचा यादी भाग क्रमांक व अनुक्रमांक स्वतः तपासा. ‘आपलाच माणूस आहे’ हा पुरावा धरत नाहीत.

अनामत १० हजार, अनुसूचित जाती-जमातींसाठी निम्मी. ती वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते हवीत. मालमत्ता आणि गुन्ह्यांची माहिती द्यायच्या नमुना २६ च्या प्रतिज्ञापत्रात एकही रकाना मोकळा सोडू नका, ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असे लिहा. मोकळा रकाना म्हणजे माहिती दडवली असे धरतात. दडवायचेच असेल तर त्यासाठी सनदी लेखापाल आहेत. पक्षाने उमेदवारी दिल्याचे ए आणि बी फॉर्म शाईच्या सहीचे लागतात, शिक्का किंवा झेरॉक्स चालत नाही, आणि तेही शेवटच्या दिवशी तीनच्या आत. अर्जाचे चार संच भरता येतात. चारही भरा, चुका वेगवेगळ्या करा. गुन्हे दाखल असतील तर ते प्रचारकाळात तीनदा जाहीर करावे लागतात, आणि तुम्हालाच का निवडले हे पक्षाला सांगावे लागते. ‘निवडून येण्याची क्षमता’ हे एकटे कारण सर्वोच्च न्यायालयाने पुरेसे मानलेले नाही. तेव्हा ‘जनसंपर्क’ लिहा. आजवर कोणी तो मोजून पाहिलेला नाही.

माघारीच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत फोन बंद ठेवू नका, कारण तुमचे भवितव्य तुमच्या विरोधकावर कमी आणि तुमच्याच पक्षाच्या नाराज माणसावर जास्त अवलंबून असते. चिंचवडला २०२३ मध्ये अश्विनी जगताप सुमारे ३६ हजारांनी जिंकल्या, आणि महाविकास आघाडीतले बंडखोर अपक्ष राहुल कलाटे यांनी ४४ हजारांवर मते घेतली. वजाबाकी शाळकरी मुलालाही येते. ती माघारीच्या आधी करायची असते, एवढेच. बंडखोर तुमचा असेल तर घरी जा, आई-वडिलांच्या पाया पडा, महामंडळ द्या. समोरच्याचा असेल तर मतदारांना पर्याय मिळालाच पाहिजे, ते पत्रक तयारच आहे. उमेदवारांची संख्या पंधराच्या वर गेली की ‘नोटा’ धरून एका यंत्राची सोळा बटणे संपतात आणि दुसरे मतदान यंत्र जोडावे लागते. तुमचे नाव दुसऱ्यावर गेले तर ‘दुसरी मशीन, वरून तिसरे बटण’ हे आजीबाईंना समजावण्यात प्रचाराचे दोन दिवस जातात.

‘नोटा’ला कमी लेखू नका. अंधेरीत भाजप बाहेर पडल्यावर या न उभ्या राहिलेल्या उमेदवाराने १२,८०६ मते घेऊन दुसरा क्रमांक मिळवला. त्याला ना फ्लेक्स लागला ना नाश्ता.

आचारसंहितेचा तुम्हाला त्रास नाही, उलट सोय आहे. पोटनिवडणुकीत ती एरवी जिल्हाभर लागते, पण मतदारसंघ महापालिका हद्दीत असेल तर फक्त त्या मतदारसंघापुरती. पुण्यासारख्या शहरात याचा अर्थ असा, की पेठेतल्या कोनशिलेवर कागद चिकटवलेला असतो आणि नदीपलीकडे शिवाजीनगरात त्याच आठवड्यात नारळ फुटू शकतो. रस्त्याच्या एका बाजूला डांबर पडते, दुसऱ्या बाजूला लोक उभे राहून पाहतात. त्यांना समजवा की त्यांची बाजू निवडणुकीत आहे, म्हणून काम थांबले आहे, आणि निवडणूक कामासाठीच आहे.

प्रचाराचे फारसे सांगण्यासारखे नाही. मान्यताप्राप्त पक्षाला चाळीस तारांकित प्रचारक मिळतात, आणि एकाच जागेसाठी चाळीसही येतात. लक्ष्मी रस्त्यावर रोड शो काढायचा असेल तर ज्यांची मते हवीत तेच मागच्या बसमध्ये अडकलेले असतात हे ध्यानात ठेवा. मंत्र्यांनी सरकारी दौरा आणि प्रचार एकत्र करायचा नसतो, म्हणून ते दर्शनाला येतात. कसबा गणपती तसा सर्वपक्षीय. एक पथ्य कटाक्षाने पाळा: समोरचा उमेदवार कोण, असे जाहीरपणे विचारू नका. ‘हू इज धंगेकर’ हा प्रश्न चंद्रकांत पाटील यांनी विचारला होता. उत्तर २ मार्चला आले, सुमारे ११ हजारांच्या फरकाने, आणि १९९५ पासून भाजपकडे असलेला कसबा काँग्रेसचे तेव्हाचे उमेदवार रवींद्र धंगेकर यांच्याकडे गेला.

खर्चाची मर्यादा ४० लाख. हा आकडा पाहून हसू नका, निरीक्षक बघत असतो. अर्ज भरण्याच्या आदल्या दिवसापर्यंत निवडणुकीसाठी स्वतंत्र बँक खाते उघडावे लागते, आणि एका माणसाला १० हजारांहून अधिक रोख देता येत नाही. जिल्हा निवडणूक कार्यालयाचे दरपत्रक मिळवा. त्यात खुर्ची, चहा, वडापाव, हार, फेटा, सगळ्याचे दर असतात. तुम्ही खुर्च्या दोनशे लिहिल्या आणि व्हिडिओत सातशे मोजल्या गेल्या, तर फरक निरीक्षकाच्या छाया नोंदवहीत तुमच्या नावावर चढतो. तारांकित प्रचारकाचा प्रवास पक्षाच्या खात्यात जातो, पण त्याच्या व्यासपीठावर तुम्ही चढलात की सभेचा खर्च तुमच्याकडे येतो. म्हणून मोठ्या सभेला खाली बसणारे उमेदवार दिसतात. तो विनय नसतो.

मतदानाचा दिवस. २०२३ मध्ये तो आधी २७ फेब्रुवारीचा होता, बारावीच्या परीक्षेमुळे २६ तारखेच्या रविवारी आणला. मुलांचा पेपर वाचला आणि पालकांना सिंहगड, लोणावळा, महाबळेश्वर मोकळे झाले. दोन्ही मतदारसंघांत मतदान पन्नास टक्क्यांच्या आसपास थांबले. ही तुमच्या दृष्टीने चांगली बातमी आहे, निम्म्याच लोकांना पटवायचे असते. कोणते निम्मे, हे यादीतून शोधा. वाडा पाडून इमारत झाली, भाडेकरू धायरीला गेले, नावे मात्र अजून पेठेत आहेत. त्यांना आणायला रिक्षा पाठवायचा मोह होईल, पण मतदारांना फुकट वाहनातून आणणे हा भ्रष्टाचार ठरतो. नमुना ८ भरून त्यांचा पत्ता बदलून देणे हे खरे काम. त्याला निवडणुकीच्या दरम्यानची चार वर्षे मोकळी असतात, म्हणून ते कोणी करत नाही. सायंकाळी सहाला रांगेत असलेल्यांना चिठ्ठ्या वाटतात, आणि त्या शेवटच्या माणसापासून पुढे वाटत येतात, म्हणजे मागून कोणी घुसत नाही. तुमचे लोक पावणेसहाला आणा, सहा वाजून पाच मिनिटांनी नाही.

जिंकलात तर मुदत थोडी असते हे पेढे वाटताना आठवू नका. कसब्याच्या नव्या आमदारांना मार्च २०२३ ते नोव्हेंबर २०२४ एवढा काळ मिळाला. पोटनिवडणुकीत त्यांच्याकडून हरलेल्या भाजपच्या हेमंत रासने यांनीच सार्वत्रिक निवडणुकीत त्यांना हरवले. विकासकामाची फाइल वर्क ऑर्डरपर्यंत यायलाच एवढे दिवस जातात, त्यामुळे भूमिपूजन तुमच्या हातून होईल आणि उद्घाटन दुसऱ्याच्या.

हरलात किंवा जिंकलात, निकालापासून ३० दिवसांत हिशेब सादर करा. तो न दिल्यास आयोग तीन वर्षे अपात्र ठरवू शकतो, आणि तेवढ्यात आणखी एखादी जागा रिकामी होऊन जाते. निकाल अमान्य असेल तर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करता येते. ती सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायद्यात लिहिले आहे. सहा महिने कसे मोजतात ते तुम्हाला आता ठाऊक आहे, वकिलाची फी त्या बेताने ठरवा.