जुलाब लागले की जंताची गोळी?

पावसाळा लागला की व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘जुलाब म्हणजे पोटातले जंत. जंताची एक गोळी द्या, सलाईनवर पैसे घालवू नका, जुलाब थांबेपर्यंत पाणी बंद ठेवा.’

शेवटचा सल्ला जिवावर बेतणारा आहे, म्हणून आधी तोच. जुलाबात माणूस दगावतो तो अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायला घेतलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आलं. आज तेच ओआरएस प्रत्येक मेडिकलमध्ये मिळतं. ते पाजत राहा. पण मुलाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर दोन सेकंदांनीही सपाट होत नसेल, डोळे खोल गेले असतील, मूल सुस्त पडलं असेल, तर थेट कॅज्युअल्टी गाठा. तिथे सलाईन लागतंच, ती लूट नव्हे.

आता जंत. एका रात्रीत लागलेल्या पातळ जुलाबांमागे बहुतेकदा रोटा, नोरोसारखे विषाणू असतात, नाहीतर जिवाणू. परजीवींमुळे जुलाब होतातच, पण ते मुख्यतः अमीबा, जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियम असे एकपेशीय जीव. यातला क्रिप्टो तान्ह्या मुलांसाठी फार वाईट. अल्बेंडाझोलचा, म्हणजे जंताच्या गोळीचा, त्याच्यावर इलाज चालत नाही, अमीबावरही नाही. शाळेत १० फेब्रुवारीला मिळणारी गोळी मुलांनी जरूर घ्यावी; ती गोल जंत आणि अंकुशकृमींसाठी आहे.

‘रिपोर्टमध्ये अमीबाच्या सिस्ट (कवचातली सुप्त अवस्था) आल्यात’ हाही पुरावा पुरेसा नाही. एन्टअमीबा डिस्पार हा निरुपद्रवी भाऊबंद सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब तसाच दिसतो. ताज्या नमुन्यात तांबड्या पेशी गिळलेला, सरकणारा अमीबा दिसला, तर संशय पक्का होतो. नमुना डबीत तासन्‌तास पडून राहिला, तर त्यातला अमीबा मरून जातो आणि काहीच कळत नाही.

परजीवींचा विचार खरा करायचा तो जुलाब दोन आठवड्यांवर लांबले, किंवा रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी आहे, म्हणजे त्याला एचआयव्ही आहे किंवा त्याचं किडनी प्रत्यारोपण झालंय, तेव्हा. अशा वेळी डॉक्टरांना क्रिप्टोबद्दल आवर्जून विचारा. तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसावा म्हणून नमुन्याला वेगळं रंगद्रव्य लावावं लागतं. संडासच्या नेहमीच्या तपासणीत तो बहुधा निसटतो.