कोळीवाड्याचा आपत्ती आराखडा कसा करावा

आधी समिती नेमा. आपत्तीचं काय, ती न बोलावता येते. समितीला मात्र कोरम लागतो. अध्यक्ष म्हणून समुद्राशी संबंध असलेला माणूस घेऊ नका. तांडेल, म्हणजे होडीचा कप्तान, तर नकोच. तो वाऱ्यापाण्याचं बोलत बसतो आणि सत्काराचा विषय राहून जातो. बैठक एप्रिलमध्येच उरका. १ जूनला मासेमारी बंदी लागली की सगळे खलाशी घरी असतात, आणि घरी असलेला माणूस बैठकीला येऊन प्रश्न विचारतो.

नकाशा रंगीत हवा. 'एकत्र जमण्याची जागा' म्हणून किनाऱ्यालगतचं मोकळं मैदान हिरवं रंगवा. पावसाळ्यात तिथे होड्या ओढून ताडपत्रीखाली बांधलेल्या असतात आणि दोन होड्यांमधून जायला माणसाला आडवं व्हावं लागतं. पण नकाशा फेब्रुवारीत काढलेला, त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! रुग्णवाहिकेचा मार्ग लाल रेघेने दाखवा. आमच्या बोळात दोघं समोरासमोर आले तर एकाला कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं. नकाशात तोच बोळ दोन बोटं रुंद आला आहे.

साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस महापालिका पावसाळ्याआधी जाहीर करते. ती यादी फ्लेक्सवर जरूर छापा. आमच्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांची दाटी झाल्याने यादी मुंगीएवढ्या अक्षरांत आली, आणि १९१६ हा मदतीचा क्रमांक एका युवा नेत्याच्या खांद्याआड गेला. १६ तेवढं दिसतं.

साहित्य मिळालं तर ते जपा. आमची लाइफ जॅकेटं अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहेत, किमतीची चिठ्ठीसुद्धा निघालेली नाही. भोंगा मंडळाच्या कपाटात, गणपतीच्या मखराच्या मागे. किल्ली चिटणीसांकडे असते, आणि चिटणीस लग्नसराईत वसईला.

कुणी जुनं उकरून काढलंच, तर उत्तर तयार ठेवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, त्यात दुपारची भरती. पण तो अपवाद होता म्हणा. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ अलिबागकडे वळलं, ती मुंबादेवीची कृपा. मे २०२१ चं तौक्ते तर गुजरातला गेलं. जाता जाता कुलाब्याला ताशी ११४ किमीचा वारा नोंदला गेला, एवढंच. 'दोन्ही वादळे यशस्वीरीत्या टाळण्यात आली' असं इतिवृत्तात लिहा. कुणी टाळली, ते लिहायची पद्धत नाही.

आता रंगीत तालीम. इथे तिथी सांभाळावी लागते. अमावास्या-पौर्णिमेला मुंबईत मोठी भरती भर दुपारी येते, म्हणजे नेमकी साहेबांच्या येण्याच्या वेळी. बूट भिजतात. म्हणून अष्टमी धरा. त्या दिवशी भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी लहान, आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पाणी लांब, शहाण्यासारखं पडून राहतं. त्यातून चार पोरांना 'वाचवून' आणायचं, चहा-वडापाव द्यायचा, की गाव सज्ज.

फोटोची जागा आधी बघून ठेवा. आमच्याकडे मागे बांबूंवर बोंबील वाळत होते. साहेबांच्या डोक्यामागे बोंबील बरे दिसेनात, म्हणून ते काढायला सांगायला मी स्वतः गेलो. बघतो तर म्हातारीने निम्मे आधीच उतरवून पाटीत भरलेले. आम्ही न सांगता एवढं सहकार्य! मी आभार मानले.

"तुमच्यासाठी नाय," ती हात न थांबवता म्हणाली. "वारा फिरलाय."

बांबू मोकळे झाल्यामुळे फोटो फार सुरेख आला.