पाचजणी आणि सहावी घागर

आज सकाळी लातुरात एका सरकारी कार्यालयाच्या फाटकाशेजारी मानधनासाठी बसलेल्या अंगणवाडी सेविकांना "जमावबंदी आहे" एवढेच सांगून उठवण्यात आले. रस्ता पूर्ण मोकळा होता; सतरंजी कडेला लिंबाच्या सावलीत अंथरलेली होती. घरी येऊन पाहतो तर आमच्या मामांचा घरच्या ग्रुपवर प्रश्न, "परवानगी नव्हती, तर बसल्याच कशाला?" आणि खाली सात अंगठे.

मला 2016 चा उन्हाळा आठवला. मिरजेहून रेल्वेने पाणी यायच्या आधी, मार्चमध्ये, लातुरात पाण्याच्या टाक्यांजवळ पाचांहून अधिक लोकांनी जमू नये म्हणून कलम 144 लागू झाले होते. माझी आई गल्लीतल्या चौघींना घेऊन एका कार्यालयासमोर बसली होती. पुढ्यात निळी प्लास्टिकची घागर, बुडाशी एम-सीलचा ठिगळ. शिपाई म्हणाला, "मावशी, उठा, एकशे चव्वेचाळीस हाय." आई म्हणाली, "पाचजणीच हाव की साहेब, सहावी ती घागर."

आम्ही हा किस्सा वर्षानुवर्षे हसून सांगत आलो. आज हसू आले नाही, कारण तो आदेश पाणी भरण्याच्या जागांपुरता होता आणि ते कार्यालय म्हणजे काही पाण्याची टाकी नव्हती. कागद त्याने दाखवला नाही, आणि मागायचा असतो हे आईला कुठे ठाऊक होते?

मामा, शांततेने आणि शस्त्राविना एकत्र जमण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 19 ने दिला आहे, कुठल्या साहेबाने नव्हे. सार्वजनिक रस्त्यावरच्या सभेचे वाजवी नियमन करता येते, पण अधिकाऱ्याच्या मर्जीवर ती सरसकट नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्येच हिंमतलाल शहा खटल्यात सांगितले आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खालची जमावबंदीसुद्धा सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपलीकडे जात नाही. मात्र एक संपली की दुसरी काढायची, ही पद्धत आता आपल्याला ऋतूसारखी अंगवळणी पडली आहे. लांब कशाला, आपल्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावात नागरिकत्व कायद्याविरुद्ध बसू इच्छिणाऱ्यांना परवानगी नाकारली गेली, तेव्हा फेब्रुवारी 2020 मध्ये औरंगाबाद खंडपीठाने तो आदेश रद्द केला आणि एका कायद्याला विरोध केला म्हणून कुणी देशद्रोही ठरत नाही, असे स्पष्ट सांगितले. तिथे निदान आव्हान द्यायला कागद होता. आज सकाळी तोही कुणी दाखवला नाही.

रस्ता अडला की रुग्णवाहिका अडते, हे मान्य. शाहीनबागेच्या निकालात न्यायालयाने सार्वजनिक रस्ता बेमुदत व्यापता येत नाही असे म्हटले, तेही मान्य. पण सतरंजीने कुणाची वाट अडवली होती?

हे सगळे मी ग्रुपवर फार कडक शब्दांत लिहिले आणि पुसून टाकले. मामा वाईट नाहीत. त्याच उन्हाळ्यात आमच्याकडे पाण्याचे दोन कॅन त्यांनीच मोटारसायकलवर बांधून आणले होते. आणि तो शिपाईही आईचे उत्तर ऐकून हसला होता, मग घागर उचलून आत गेला आणि कार्यालयाच्या पिंपातून अर्धी भरून घेऊन आला होता. पाणी मिळाले, म्हणून त्या पाचही जणी उठल्या. कशासाठी बसल्या होत्या, ते निवेदन आईच्या पदरातच राहिले.

आईला आजची बातमी सांगितली. तिने विचारले, "उद्या बसणार हायेत का त्या?" बसणार आहेत. सकाळी दहाला मी जातो आहे, आणि उठवायला कुणी आले तर आदेशाची प्रत मागणार आहे.