‘पाव’ आणि पायाचा काही संबंध नाही

सध्या ग्रुपवर फिरतंय की पूर्वी बेकरीत कणीक पायांनी तुडवायचे म्हणून त्याला पाव म्हणतात. हे खरं नाहीये.

शब्द पोर्तुगीज आहे. त्यांच्याकडे ब्रेडला ‘पांव’ म्हणतात, म्हणताना शेवट नाकात जातो, आणि कोकणीत तो नाकातला उच्चार अजून टिकून आहे बघा. त्याचं मूळ लॅटिन ‘पानिस’, त्यातूनच स्पॅनिश ‘पान’, इटालियन ‘पाने’. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला आणि पाव आपल्याकडे त्यांच्यामार्फतच आला, यीस्टच्या जागी माडाची सूर (म्हणजे माडी) घालून पीठ फुगवायचे, गोव्यात पाववाल्याला आजही पोदेर म्हणतात आणि तो शब्दसुद्धा त्यांचाच, ‘पादेइरु’ म्हणजे बेकरीवाला.

सगळ्यात पक्का पुरावा मला जपानचा वाटतो. तिथेही पोर्तुगीज पोचले आणि तिथेही ब्रेडला ‘पान’च म्हणतात, श्रीलंकेत सिंहलीतही तसंच. आता जपानी लोकांना आपला पाय कुठून माहीत असणार? पोर्तुगीजमध्येही पायाला ‘पे’ म्हणतात, म्हणजे तिकडूनही जुळत नाही.

पिढ्यानपिढ्या पहाटे भट्टी पेटवणाऱ्या लोकांबद्दल यातून उगाच किळस पसरते, म्हणून प्लीज तो मेसेज पुढे पाठवू नका, आणि ज्यांना पाठवलाय त्यांना हे कळवा.