पैसे संपेपर्यंत वरून खाली? नको!

आर्थिक वर्ष संपत आलं की गोव्यातल्या शिक्षणसंस्थांच्या आणि देवस्थानांच्या पदाधिकाऱ्यांत तीन सल्ले व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. प्रत्येक प्रकल्पाला गुण द्या, वरून खाली मंजूर करत या, पैसे संपले की थांबा. मंजूर कामं सगळी एकदम सुरू करा. हाती घेतलेलं काम सोडू नका. हे तिन्ही सल्ले संस्थेला महागात पडतात.

पहिला सगळ्यात फसवा. समजा, फोंड्यातल्या एका शाळेकडे ५० लाख आहेत. संगणक कक्षाचा खर्च ३० लाख, पुढच्या काही वर्षांतला फायदा ४५ लाख. छप्पर दुरुस्तीचा खर्च २५, फायदा ३५. सौर पॅनेलचा खर्च २५, फायदा ३४. फायदा बघा की खर्चाच्या मानाने फायदा बघा, संगणक कक्षच पहिला येतो. तो घेतला की उरलेल्या २० लाखांत काहीच बसत नाही. छप्पर आणि पॅनेल मिळून मात्र ६९ लाख देतात. खर्चाच्या मानाने क्रम लावण्याची ही रीत हमखास अचूक केव्हा ठरते, ते गणितज्ञ जॉर्ज डँटझिग यांनी १९५७ साली सांगितलं होतं: शेवटच्या वस्तूचा तुकडा घेता येत असेल तेव्हाच. अर्ध्या छपराने वर्ग कोरडा राहत नाही! शिवाय पॅनेल बसणार त्याच छपरावर. ती आधी लावली तर दुरुस्तीच्या वेळी उतरवावी लागणार, हे सुट्या गुणांत कुठे दिसतं? २० प्रस्ताव असले आणि प्रत्येक घ्यायचा की सोडायचा ठरवायचं असेल, तर निवडीचे १०,४८,५७६ प्रकार होतात. ते हाताने तपासणं अशक्य, पण स्प्रेडशीटमधल्या सॉल्व्हरला, म्हणजे अटींत बसणारा सगळ्यात चांगला पर्याय शोधणाऱ्या सोयीला, बजेट आणि माणसांच्या अटी घालून दिल्या तर तो उत्तर काढून देतो.

एकदम सुरुवात करण्याचंही तसंच. देखरेखीला इंजिनिअर एकच, कामं तीन, प्रत्येक महिनाभराचं. मार्चपासून एकामागून एक, छप्पर आधी, अशी घेतली तर छप्पर मार्चअखेर पूर्ण. तिन्ही एकदम काढली तर तिन्ही मेअखेरपर्यंत रेंगाळणार, आणि थोडा जरी उशीर झाला तरी मृगाच्या पावसात कौलं उतरवलेलीच राहणार. जमिनीवर मांडलेले बाक आणि कपाटातली दप्तरं भिजतात, ती कुठल्याच बजेटमध्ये धरलेली नसतात.

राहिलं अर्धवट काम. १२ लाख खर्च झाले, आणखी १८ लागणार. फायदा ४५ लाखांचा असेल तर ते खुशाल पुरं करा. नवं गणित पाहता तो १० लाखांवर आला असेल तर आजच थांबवा. झालेले १२ लाख दोन्हीकडे सारखेच गेलेले आहेत.